किती दिवसाला पाणी येतं?

उंड्रीच्या पुढे एका उतारावर नवे टॉवर उभे राहत होते. त्यातला सॅम्पल फ्लॅट बघायला आम्ही तिघं गेलो होतो, मी, नवरा आणि आई. दारात चपलांवर चढवायला निळी प्लास्टिकची कव्हरं ठेवली होती. आत एसीचा गारवा, मोगऱ्यासारखा पण मोगरा नसलेला एक वास, पलंगावर कुणीही कधी न निजलेली चादर. सेल्सची मुलगी गॅलरीत उभी राहून हवेत बोट फिरवत होती. इथे क्लब हाउस येईल, तिथे शाळा, समोरचा रस्ता रुंद होणार आहे. आम्ही दोघं तिच्या बोटामागे बघत होतो. आई मागेच राहिली होती. वळून बघितलं तर ती स्वयंपाकघरात सिंकपाशी उभी, आणि तिनं नळ सोडला होता.

पाणी आलं नाही. "काकू, तिथे कनेक्शन नाहीये, फक्त दाखवायला लावलाय," मुलगी गॅलरीतूनच म्हणाली. आईनं मान हलवली आणि नळ बंद केला. ज्यातून थेंबही आला नव्हता तो नळ तिनं नीट, पुन्हा एकदा दाबून बंद केला. मग विचारलं, "नळाला किती दिवसाला पाणी येतंय इथं?" मुलीला प्रश्नच कळला नाही. "चोवीस तास, काकू." "हां, पण येतंय कुठनं?" मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "आई, चल ना, बेडरूम बघू."

गाडीत बसल्यावर आई काही बोलली नाही. माझ्या मनात मात्र ते राहून राहून येत होतं. मला तिची लाज वाटली होती. त्या गारव्यात, त्या वासात, तिचा प्रश्न मला गावाकडचा वाटला होता. आणि ज्या घरासाठी आम्ही पुढची वीस वर्षं हप्ते भरणार होतो, त्या घराबद्दल त्या दिवशी विचारला गेलेला खरा प्रश्न तेवढाच होता.

आम्ही लातूरचे. आमच्याकडे नवी गल्ली, नवं भाड्याचं घर, कुणाच्या मुलीचं सासर, कशाचीही चौकशी याच प्रश्नानं सुरू होते. किती दिवसाला पाणी येतं? किती तास, हा प्रश्न आम्हाला पुण्यात आल्यावर कळला. तिकडे आठ दिवसाला येतं म्हणजे बरं, पंधरा दिवसाला येतं म्हणजे सांभाळून. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं तेव्हा तर मोजायला दिवसही उरले नाहीत. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदीचं १४४ कलम लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. अर्धं गाव स्टेशनवर बघायला गेलं होतं. आई गेली नाही. म्हणाली, पाणी बघायला काय जायचं, भरायला मिळालं तर बोलवा. त्या उन्हाळ्यात आमच्या जिन्यात, व्हरांड्यात, माजघरात दोनशे लिटरचे निळे ड्रम उभे होते. भाजी धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं संडासात. रात्री कुणाच्या तरी घरी ड्रममध्ये पाणी पडल्याचा आवाज आला की सगळी गल्ली जागी व्हायची. २०२३ मध्ये माझी पुण्याला बदली झाली, सामान ट्रकमध्ये चढलं, तेव्हा आईनं त्यातला एक ड्रम हट्टानं बरोबर घेतला. भाड्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत तो दोन वर्षं रिकामाच उभा होता.

पुण्यात घर घ्यायचं म्हटलं की प्रत्येक जण आपलंच उपनगर सुचवतो. कोथरूडचा माणूस कोथरूड सोडून बोलत नाही, पिंपरी-चिंचवडवाले तिकडच्या रस्त्यांची रुंदी सांगतात, पेठेत वाढलेल्यांना स्वारगेटच्या पुढचं सगळंच लांब वाटतं. जाहिरातीत अंतर मिनिटांत मोजलेलं असतं, आणि ती मिनिटं कुठल्या वेळची हे लिहिलेलं नसतं. हे सगळं आम्ही ऐकून घेत होतो. एका गोष्टीनं मात्र मला खुपायचं. सोसायटीत लोक कसे आहेत, असं विचारलं की काही एजंट आधी आमचं आडनाव विचारायचे आणि मग उत्तर द्यायचे. सगळे आपलेच आहेत, असं. आपले म्हणजे कोण, हे त्यांनी न सांगताच मला कळायचं, आणि त्या घरात पुढे काहीच बघावंसं वाटायचं नाही.

उंड्रीहून आल्यावर त्या रात्री मी ब्रोशरच्या मागच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. एकूण घरं २४०, घरटी चार माणसं. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. रोजचं झालं १ लाख २९ हजार ६०० लिटर. टँकर दहा हजार लिटरचा धरला तर तेरा टँकर. रोज तेरा. पहिल्या रेल्वेनं लातूरला आणलेलं सगळं पाणी त्या एका गृहसंकुलाला चार दिवसही पुरलं नसतं. मी पेन खाली ठेवलं. चोवीस तास पाणी या शब्दांत खोटं काही नव्हतं. टाकी भरलेली असेल तर नळाला चोवीस तास पाणी असतंच. टाकी कोण भरतं, हा आईचा प्रश्न होता. उंड्री २०१७ साली महापालिकेत आली, त्याच वर्षी आणखी दहा गावं आली, २०२१ मध्ये तेवीस. गाव एका आदेशानं हद्दीत येतं, पण जलवाहिनी आदेशानं येत नाही. तोवर महापालिका पाणी देईपर्यंत ते आम्ही पुरवू, असं हमीपत्र बिल्डरकडून घेतलेलं असतं, आणि लोक राहायला येऊन बिल्डर पुढच्या जमिनीवर गेला की ते हमीपत्र फायलीत आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये.

मग आम्ही घरं बघायची पद्धतच बदलली. फ्लॅट शेवटी बघायचा, आधी त्याच्याभोवती फिरायचं. सोमवारी सकाळी नऊला, रविवारी दुपारी, रात्री दहानंतर. सोसायटीच्या फाटकासमोर इस्त्रीची टपरी असते, त्या माणसाला सगळं माहीत असतं. कुठल्या इमारतीतले लोक दर वर्षी भाडेकरू बदलतात, कुठली लिफ्ट बंद असते, कुठल्या घरातले म्हातारे एकटे आहेत. औषधांच्या दुकानात मच्छरांच्या कॉइलची किती पाकिटं पुढे मांडलीत ते बघायचं. नदीकाठच्या बाजूला एका संध्याकाळी दिव्याभोवती चिलटांचा असा खांब उभा होता की बोलायला तोंड उघडता येईना, जलपर्णीचा कुबट वास नाकात बसला, आम्ही गाडीतून उतरलोच नाही. आणि एकदा वाघोलीच्या रस्त्याला टँकर भरून घेणाऱ्या ड्रायव्हरशी आई बोलत उभी राहिली. तो बीडकडचा निघाला. दोघांचं बोलणं लगेच जमलं. तो म्हणाला, "मावशी, घर बघायला मार्चमध्ये या. पावसाळ्यात सगळीच घरं चांगली दिसत्यात."

पावसाळ्यात सगळीच दिसत नाहीत, हे आम्हाला त्याच वर्षी कळणार होतं.

२०२४ ची आषाढी एकादशी १७ जुलैला होती. ऑफिसला सुट्टी. आईला विठ्ठलवाडीला जायचं होतं. सिंहगड रस्त्यावर, मुठेच्या काठाला ते देऊळ आहे, ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही ते तिथे येतात. रांगेत दीड तास गेला. ओल्या छत्र्या, तुळशीच्या माळा, चिखलात रुतलेल्या चपला, राजगिऱ्याचे लाडू. दर्शन झाल्यावर तिथून जवळच एक घर बघायला गेलो. जुनी पण नीटनेटकी सोसायटी, पहिला मजला, खिडकीतून झाडं आणि झाडांमागे नदी. महापालिकेचं पाणी, दोन्ही वेळा. आईनं नळ सोडला, धार जोरात आली, तिच्या मनगटावर उडाली. ती हसली. किंमतही आवाक्यातली होती. त्या घरात मी पहिल्यांदा मनातल्या मनात आमचा पलंग ठेवून बघितला. नवरा तेवढा पार्किंगमध्ये रेंगाळत होता. तिथल्या भिंतीला खालच्या बाजूला, साधारण छातीएवढ्या उंचीपर्यंत, वरच्यापेक्षा नवा रंग होता. आम्ही सांगतो म्हणून निघालो.

आठ दिवसांनी, २५ जुलैला, आम्ही फोनवर सिंहगड रस्त्याजवळची एकतानगरी बघितली. खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकनं पाणी सोडलं होतं. सिंहगड रस्त्याच्या नदीकाठच्या सोसायट्यांत तळमजले बुडाले होते, जिथे आम्ही चिखलातून चाललो होतो त्या भागात लष्कराचे जवान बोटीतून माणसं काढत होते. कुणी म्हातारी बाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आणली होती, तिच्या मांडीवर देव्हारा होता. माझ्या मनात पहिलं आलं ते, बरं झालं घेतलं नाही. आणि ते येताक्षणी मला स्वतःचाच राग आला. ते घर कुणीतरी घेतलेलं होतंच. तिथे कुणीतरी राहतच होतं. नवऱ्यानं नंतर पूररेषेचे नकाशे काढले. निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची. कागदावर त्या इतक्या बारीक आणि वळणदार दिसत होत्या, पातळाच्या काठासारख्या.

तेव्हापासून मला या शहराचा उतारच दिसायला लागला. वर टेकड्यांच्या अंगाला जावं तर टँकर, खाली यावं तर पूर. मधे जो पट्टा उरतो तो जुना, महाग आणि भरलेला. अडीच-पावणेतीनशे वर्षांपूर्वीही लोक पाणी बघूनच राहिले असणार. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळातून पेठांत आणलं, आणि काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं पत्त्यात अजून टिकून आहेत. हौद कोरडे पडले तरी पत्ता पाण्याचाच. शहरापासून लांब गेलं की निदान धरण जवळ येईल असं वाटावं, तर तेही नाही. जानेवारी २०२५ मध्ये खडकवासल्याच्या कुशीतल्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गुलेन बारे या नसांच्या आजाराचे रुग्ण निघाले आणि बोट पिण्याच्या पाण्याकडे गेलं. धरण उशाला, कोरड घशाला, अशी म्हण आहे. इथे घशाखाली उतरणाऱ्या पाण्याचीच धास्ती. आणि त्याच खडकवासल्याच्या कालव्यावर पुढे दौंड-इंदापूरची शेतं डोळे लावून बसलेली असतात. आम्ही कालव्याच्या शेपटाकडची माणसं. आता नळ सोडताना मी धरणाच्या तोंडाशी उभी असते, आणि शेपटाला कोण आहे ते मला माहीत असतं. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

सहकारनगरमधलं घर आम्ही खरं तर नाइलाजानं बघितलं. तीन मजली, लिफ्ट नाही, आंबिल ओढ्यापासून एक गल्ली वर. तळमजल्यावरच्या काकू गॅलरीत मेथी निवडत बसल्या होत्या. एजंट चावी आणायला गेला तेवढ्यात आई सवयीनं त्यांच्याशी बोलायला लागली. "किती दिवसाला पाणी येतं?" काकू चमकल्या, मग हसल्या. "रोज येतं. सकाळी आणि संध्याकाळी. गुरुवारी कधी बंद असतं, पेपरात बघायचं, आदल्या दिवशी भरून ठेवायचं." आणि मग मेथीची जुडी बाजूला ठेवून त्या उठल्या, जिन्याच्या भिंतीवर स्वतःच्या कमरेच्या जरा खाली तळवा टेकवला. "२०१९ ला इथवर आलं होतं. २५ सप्टेंबरची रात्र. घेणार असाल तर हे माहीत असू द्या."

एजंट चावी घेऊन आला तेव्हा त्या अजून सांगत होत्या. त्याचा चेहरा उतरला. काकूंना त्याची फिकीर नव्हती. त्या रात्री कात्रजकडे पाऊस कोसळला आणि ओढा एका तासात रस्त्यावर आला. मोटारी एकमेकींवर चढल्या, गॅसची टाकी सुसाट वाहत गेली, अरण्येश्वरला टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली. पुणे परिसरात त्या रात्रीच्या पावसानं वीसहून अधिक बळी घेतले. काकूंच्या घरात दुसऱ्या दिवशी पीठ, गादी आणि अल्बम एकाच चिखलात होते. "मी आठ वर्षांची होते पानशेतच्या वेळी," त्या म्हणाल्या. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं तो दिवस. नारायण पेठेतला त्यांचा वाडा गेला. आईनं कडेवर घेऊन पर्वतीकडे पळवलं, मागे वळून बघू दिलं नाही. पाणी ओसरल्यावरचा वास त्यांना आठवतो, ओल्या धान्याचा, मेलेल्या गुरांचा. पूरग्रस्तांसाठी नंतर गोखलेनगर, सहकारनगर अशा बाजूंना वसाहती झाल्या, तेव्हा त्यांचं कुटुंब या बाजूला आलं. तेव्हा इथे नुसता माळ आणि ओढा. "नदीपासून लांब म्हणून आलो, तर ओढ्यानं गाठलं," असं त्या म्हणाल्या, पण तक्रारीच्या सुरात नाही. मग आईला म्हणाल्या, "आत या ना, चहा टाकते."

खिडकीतून सूर्यप्रकाश, दुसरा मजला, पार्किंग कुठे, हे सगळं नंतर झालं. माझं मन त्या भिंतीवरच्या तळव्यापाशीच थांबलं होतं. इतक्या महिन्यांत आम्हाला घरांबद्दल पुष्कळ लोकांनी पुष्कळ सांगितलं होतं. ज्यांना त्यातून काहीच मिळायचं नव्हतं, उलट स्वतःच्या इमारतीचा भाव पडायची भीती होती, अशा त्या एकट्या.

मला तेव्हा मावशी आठवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक निजले होते तेव्हा, किल्लारीकडचा भूकंप झाला. मावशीच्या गावात दगडमातीची घरं, भिंती दोन-दोन हात रुंद, त्याच माणसांवर पडल्या. नंतर गाव उठवून लांब माळावर वसवलं. पक्की घरं, सरळ रुंद रस्ते, प्रत्येक घराला मोकळी जागा. लहानपणी मी तिथे सुट्टीला गेले तेव्हा मला ते फार ऐसपैस वाटलं होतं. मावशी ओट्यावर बसून म्हणायची, घर घट्ट झालं बाई, पण हाक पोचंना. जुन्या गल्लीत चुलीपाशी बसून तिनं हाक मारली की समोरची ओ द्यायची, विस्तव मागता यायचा, ताकाचं गाडगं भिंतीवरून जायचं. नव्या गावात हाक मारायला रस्ता ओलांडायला लागायचा, आणि जी माणसं ओ द्यायची त्यातली कितीतरी राहिलीच नव्हती.

नवरा आठवडाभर तयार नव्हता. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. लिफ्ट नाही, आई सत्तरीला आलीय, ओढा जवळ, त्याला खराडी गाठायची. मी म्हणत होते, दुसरा मजला आहे, माझं ऑफिस शिवाजीनगरला, सप्टेंबरअखेर स्वारगेटपर्यंत मेट्रो सुरू झालीय, तुला सिव्हिल कोर्टला बदलून रामवाडीपर्यंत जाता येईल. त्यालाही माहीत होतं की मी मेट्रोबद्दल बोलत नव्हते. शेवटी तो एकटा एका संध्याकाळी तिथे जाऊन आला. ओढ्याच्या पुलावर उभा राहिला, इस्त्रीवाल्याशी बोलला, काकूंकडे चहा प्याला. घरी येऊन म्हणाला, गाड्या वरच्या गल्लीत लावायची पद्धत आहे तिथे, पाऊस वाढला की. एवढंच. त्यानंतर इंडेक्स टू, भोगवटा पत्र, कर्जाच्या सह्या, स्टँप ड्युटी, ते सगळ्यांचं होतं तसंच झालं. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं म्हणून ड्युटीत टक्काभर सूट मिळाली, तो पैसा आईच्या खोलीच्या जाळ्यांना लागला. निळा ड्रम गॅलरीत आला. आता तो बुधवारी रात्री भरतो.

या पावसाळ्यात एका रात्री अकराच्या सुमाराला, लाइट गेलेली, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. जिन्यातून काकूंची हाक आली. "कात्रजला जोरात आहे म्हणतात, गाड्या वर काढा." दारं उघडली. कुणी बनियनवर रेनकोट चढवलेला, कुणी डोक्यावर पोतं. ज्यांची नावं मला अजून पाठ नव्हती अशी माणसं एकमेकांच्या स्कूटर ढकलत चढ चढत होती. वरच्या मजल्यावरचं कुटुंब गावाला गेलं होतं, त्यांची चावी काकूंकडे होती, त्यांची गाडी माझ्या नवऱ्यानं नेली. ओढ्याकडून आवाज येत होता, पाण्यापेक्षा दगडांचा, एकमेकांवर घासत चाललेल्या. गढूळ, गटाराचा, ओल्या मुळांचा वास. मी पुलाच्या अलीकडे उभी होते. शेजारची दोन पोरं मोबाइलचा उजेड खाली टाकून कठड्याच्या दगडांवर पाणी कुठवर आहे ते बघत होती. अर्ध्या तासानं ते चढायचं थांबलं. आणखी थोडा वेळ आम्ही तिथेच उभे राहिलो, कुणालाच आधी आत जायचं नव्हतं. मग एकेक जण परतला. काकू दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या, पाय वर घेऊन.

आई दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात टॉर्च धरून उभी होती.

"आलं का पाणी?" तिनं वरूनच विचारलं.

"नाही आलं," मी म्हणाले.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि मला पायऱ्या दिसाव्यात म्हणून टॉर्च खाली वळवला.